बारा कलमांचा कौल

आकांक्षा, तू नुसतं ऐक. मध्ये "अगं पण" म्हणू नकोस, कारण तू एकदा "अगं पण" म्हणालीस की मी तुला समजावत बसते आणि मूळ गोष्ट राहून जाते. तू विचारलंस ना, कोल्हापूरच्या लॅबमध्ये कधी रुजू होतेस, तर त्याचंच सांगतेय. पण ते सरळ सांगता येत नाही गं, कलमांपासून सुरू करावं लागतं. हो, आंब्याच्या कलमांपासून. हसू नकोस. आणि आई बोलली ते मी मालवणीतच सांगणार, मराठीत केलं की तिची धारच जाते.

तर आमचं मागीलदार तू बघितलंयस. मागच्या दारी आईची जास्वंदीची रांग, दगडी गडग्याला लागून अबोली, तेलाच्या कापलेल्या डब्यांत अनंत, मोगरा, कढीपत्ता. बाजाराच्या दिवशी आई त्यातलं थोडं आणि गजरे घेऊन आचऱ्याच्या बाजारात बसते. आणि तुला हेही माहितीय की आमच्या वाडीत सगळे म्हणतात, संचिताच्या हाताक गूण आसा. मी लावलं की जगतं. आता हे सुरू कुठून झालं ते ऐक. मी शाळेत असताना कपड्यांच्या दोरीसाठी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एक काठी पुरली आणि ती फुटली. ती शेवग्याची होती. शेवग्याची काठी कुणीही पुरली तरी फुटते, भांडून पुरली तरी फुटते. पण कोण ऐकतंय. तेव्हापासून मिरगाचा पाऊस लागला की एकेका घरातून हाक यायची, "संचिता, जरा हात लावून जा गो." मी जायची, जास्वंदीची फांदी तिरकी कापून खोचायची, माती दाबायची, चहा प्यायची, पुढच्या घरी. खरं सांगू, मला आवडायचं. कुणाला नाही आवडणार. बाकी अभ्यासात कुणी इतकं कौतुक केलं होतं का माझं?

आणि हाच हात माझ्या गळ्यात आला.

जामसंड्याच्या शेवंतीकाकी. त्यांची कलमांची मोठी नर्सरी आहे, हापूसची, काजूची. त्या वाडीत कुणाकडे बारशाला आल्या होत्या, तिथं माझ्या हाताचं ऐकलं आणि थेट आमच्या पडवीत. मुलगा चंदन, एकुलता. आता बघायला आलेली बाई मुलीचं तोंड बघते ना, उंची बघते, रंग बघते. ह्या बाईनं माझा तळहात उलटा केला, सुलटा केला, बोटं दाबून बघितली, जशी आपण रक्त काढायच्या आधी शीर बघतो ना तशी, आणि आईला म्हणाली, "माका गोरी नको, शिकलली नको. ह्यो हात व्हयो."

मी नको म्हणाले. सरळ म्हणाले. मला लॅब आवडते गं. स्लाइड काचेखाली धरली की आहे ते दिसतं, नाही ते नाही. तिथं कुणी हाताचा गूण विचारत नाही. आणि तू तिथं आहेस. पण शेवंतीकाकींना लॅबचं काही नव्हतं, त्या म्हणाल्या, नोकरी कशाला, आमच्याकडे पावसाळ्यात कामाला माणसं पुरत नाहीत. आणि आईचं तर ठरलंच होतं. ती ओरडली नाही, आई कधीच ओरडत नाही, ती फक्त माझ्याशी बोलताना भांड्यांशी बोलायला लागली. "जावंदे, जावंदे सगळ्यांका," असं टोपाला. "घर माका एकटेकच व्हया आसा," असं परातीला.

तू बाबांना ओळखतेस. तिठ्यावर रिक्षा लावतात, भाडं एकदा ठरलं की मध्ये रस्ता वाहून गेला आणि दहा मैल वळसा पडला तरी वर पैसा घेत नाहीत. त्यांना दोन्हीकडून ऐकून कंटाळा आला असणार. एका संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाले, तुझा नको, तुझ्या आईचा नको, देवाक कौल लावया. म्हणजे देवळात जायचं, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. आमच्याकडे जमीन, लग्न, विहीर, सगळं त्यावर.

मी घाबरले. पाकळीवर माझा काय ताबा? आणि मग आकांक्षा, मला वाटलं की मी फार हुशार आहे. मी म्हणाले, देवळात कशाला जायचं बाबा, देवानं गूण माझ्या हातात दिलाय म्हणताय ना सगळे, मग हातालाच विचारा. मी बारा आंब्याची कलमं बांधते. अर्ध्याहून जास्त जगली तर जाते जामसंड्याला, काही बोलणार नाही. नाही जगली तर कोल्हापूर, आणि मग तुम्ही कुणी काही बोलायचं नाही.

कळलं का तुला? कोय कलम जगवणं कठीण असतं, मारणं किती सोपं. पट्टी जरा सैल राहिली, पाणी आत गेलं, संपलं. आणि आमच्या पावसात तर आधीच निम्मी मरतात. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

बाबा इतके खूश झाले. त्याच संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं माहितीय ना, देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि एकेक वाक्य झालं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की झालं, शब्द दिला गेला, मग त्यातून कुणी सुटत नाही. आमच्या शेजारच्यांनी एका वाटेवरून असा शब्द दिलाय, आज तीन पिढ्या स्वतःच्याच आवाराला वळसा घालून चालतात. आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" कोण म्हणालं असेल? मी.

मग आषाढात कलमं. बाठे, म्हणजे आंब्याच्या कोयी, आईनं आधीच वाळूत घातले होते, त्यांना ते तांबूस कोवळे कोंब आले होते, हात लावला तरी मोडतील असे. हापूसच्या काड्या शेवंतीकाकींनी त्यांच्या जुन्या झाडाच्या पाठवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, चंदनच्या हातून. तो आला, पडवीत बसला, चहा प्यायला, कप आत नेऊन ठेवला. कप, आकांक्षा. आमच्या घरी आलेल्या कुठल्या पुरुषानं आजवर कप उचललेला मी बघितला नाही. मला म्हणाला, काड्या ताज्या आहेत, घाई करू नका, आणि गेला. वाईट असता तर किती बरं झालं असतं. त्याच्यावर राग काढता आला असता. आता राग काढायला घरात माणूसच नाही.

बाबा छत्री घेऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसले, म्हणाले, मी देवाचो साक्षीदार. बिचाऱ्यांना कलमातलं काही कळत नाही. मी कोंब कापला, मधोमध चिरला, काडीला पाचर केली, पाचर चिरेत बसवली, वर पट्टी. सगळं दिसायला बरोबर. फक्त चार नीट बांधली आणि आठ अशी बांधली की वरून आवळलेली आणि खालून श्वास घेतायत. साल सालीला लागू दिली नाही. पाचर मुद्दाम वाकडी. आणि वर प्लॅस्टिकची जी टोपी घालायची असते, दमट राहावं म्हणून, ती म्हणाले नंतर घालते, आणि घातलीच नाही. आई दारातून बघत होती. मी म्हटलं, तिला कुठं कळतंय एवढ्या लांबून.

मग पाऊस. तुला काय सांगू कसा पाऊस. घाटात दरड आली म्हणून गाड्या बंद, लाईट जाऊन येऊन, कपडे वाळत नाहीत, घरात ओल्या पोत्याचा वास, आणि आम्ही तिघं. मी रोज मागच्या दारात जायची आणि काड्या काळ्या पडल्यात का बघायची. दोन पडल्या. मी मनात नाचले. म्हटलं, आता बाकीच्या. आणि एका दिवशी बघते तर त्या आठातल्या एकाचा डोळा फुगलेला. हिरवा, टच्च. मला वाटलं, चुकून लागलं असेल. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग मी म्हटलं, खरंच हाताला गूण आहे की काय, आयुष्यात पहिल्यांदा मारायला घेतलं तर तेही जमत नाही मला.

मग मी खाली बसले आणि पट्टी बघितली.

ती माझी गाठ नव्हती. मी गाठ मारते ती आपली, लॅबमधली, दंडाला पट्टी बांधतो तशी, टोक आत खोचून. ही गाठ वेगळी होती. बोटाभोवती फास फिरवून ओढलेली, बारीक, घट्ट, दिसतही नाही अशी. गजऱ्याची गाठ. आणि आदल्या दिवसापर्यंत उघड्या असलेल्या सगळ्यांवर टोप्या चढवलेल्या, मिठाच्या पिशव्या कापून.

दुसऱ्या दिवशी बाबा रिक्षा घेऊन गेले, मी म्हटलं न्हाणीत जाते, नळ सोडला, आणि झडपाच्या फटीतून बघत राहिले. आई आली. डोक्यावर पोत्याची खोळ, कंबरेत फुलांची सुरी. एका पिशवीपाशी उकिडवी बसली, माझी पट्टी सोडली, काडी काढली, वास घेतला आणि फेकून दिली. मग लुगड्याच्या ओच्यातून ओलं फडकं काढलं, त्यात काड्या होत्या, आणलेल्यातल्या उरलेल्या तिनं ठेवल्या होत्या. एक दातात धरली, कोंब परत खाली कापला, पाचर केली दोन फटक्यांत, बसवली, आणि पट्टी अशी गुंडाळली, अशी गुंडाळली गं, जशी आपण तान्ह्या बाळाला. पाऊस पाठीवर पडतोय आणि ती तिच्या अंगानं त्या कलमाला आडोसा करून बसलीये.

मी तिथंच ओरडायला हवं होतं. आई, हे काय करतेस, देवाला शब्द दिलाय, माझ्या हातानं बांधायची होती. पण मला आठवायला लागलं. जास्वंद लावून मी चहा प्यायला आत जायची तेव्हा आई कुठं असायची? "तू जा फुडे, मी येतंय मागसून." दरवर्षी, दर घरी. मी वरवर माती दाबायची आणि ती मागून बसून पाणी निथळतंय का बघायची, फांदी उलटी असली तर सुलटी करायची, वरची पानं खुडायची. लोकांनी बघितलं नसेल? बघितलं असेल. पण चाळीस वर्षांची बाई माती दाबते त्यात कुणाला काय विशेष. पोरीनं दाबली की गूण.

म्हणजे माझ्या हाताला काही नाहीये, आकांक्षा. कधीच नव्हतं. आणि शेवंतीकाकी तो हात मागायला आल्यात.

तुला वाटेल, मग सोड की पट्ट्या परत. सोडली. एकदा सोडली. दुपारी आई आडवी झाल्यावर गेले आणि एक सैल केली. दुसऱ्या दिवशी ती परत आवळलेली, आणि तिच्या ओठाला, काडी दातात धरते तिथं, आंब्याच्या चिकाचा चट्टा, काळा, भाजल्यासारखा. बाबा म्हणाले, ओठाला काय झालं, ती म्हणाली, वेणी करताना दोरा लागला. माझ्याकडे बघून म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं की मला माहीत आहे. आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. दिवसभर एका घरात, मासे काय आणायचे बोलतो, मोगऱ्याला शेणखत घालू का बोलतो, चवथीला गणपतीवर फळंपानं टांगायच्या माटवीला कोण काय आणणार बोलतो, आणि त्या बारा पिशव्यांबद्दल एक शब्द नाही. पाऊस थांबेना, त्यामुळे कुणी बाहेरही जाईना.

मग एक दिवस बांगडे साफ करताना ती आपण होऊन बोलली. माझ्याशी नाही, बांगड्याशी. म्हणाली, "सारिकाक सुरतेक दिल्याक आठ वर्सां झाली. मी एकदाव गेलंय नाय. तिच्या घराचो दरवाजो खंयच्या कुशीक आसा, ताव माका म्हायत नाय." सारिका म्हणजे माझी ताई, तू फोटो बघितलायस. मग जरा वेळानं, "जामसंड्याक सकाळची यष्टी आसा. गेलंय तर सांजेक परत. कोल्हापुराक घाट बंद झालो काय तू तकडे, मी हकडे."

मी म्हणाले, आई, कोल्हापूर म्हणजे सुरत नाही.

ती म्हणाली, "सारिकापण तशीच म्हणालली, सुरत म्हणजे काय परदेश नाय."

त्यानंतर माझ्यानं पट्टी सोडवली नाही गं. दोनदा गेले, बसले, गाठीवर नख ठेवलं आणि उठून आले.

चवथीच्या आधी शेवंतीकाकी आणि चंदन आले, कलमं बघायला. बाबांनी सगळ्या पिशव्या खळ्यात ओळीनं मांडल्या, जशा काही शाळेच्या परेडला. बारातली नऊ जगलेली. तांबडी कोवळी पानं, अजून लोंबणारी, ओली, इतकी सुंदर दिसत होती की मलाच रडू आलं आणि शेवंतीकाकींना वाटलं आनंदानं. त्यांनी प्रत्येकाच्या जोडावर अंगठा फिरवला. एका गाठीपाशी थांबल्या. बाई जन्मभर कलमं बांधतेय, तिला कळणार नाही? पण त्या म्हणाल्या, "अशी गाठ आमच्या एकाव माणसाक मारूक येणा नाय," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चंदन मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

मग बाबांनी तुळशीपुढे दिवा लावला. नारळ ठेवला. शब्द देवापुढे दिलेला, तो देवापुढेच सोडवायचा. वाडीतले दोघंतिघंही आले होते. बाबांचा आवाज गाऱ्हाण्याला वेगळाच होतो, रिक्षावाल्याचा राहत नाही.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्यापुढ्यात आमी उभे रवलंव."

"व्हय म्हाराजा."

"दोनव घरांची मनां तू जाणतस."

"व्हय म्हाराजा."

"ही बारा कलमां माझ्या चेडवान सोताच्या हातान बांधलेली आसत."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. मी नाही म्हणाले. आणि माझ्या शेजारून आईचाही आवाज आला नाही.

बाबा थांबले. त्यांना ऐकू आलं. ओळखीच्या आवाजांत दोन कमी असले की कळतं ना. त्यांनी मागं वळून नाही बघितलं, दिव्याकडेच बघत राहिले, आणि तेच वाक्य परत म्हणाले, जरा हळू. "ही बारा कलमां माझ्या चेडवान सोताच्या हातान बांधलेली आसत."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. शेवंतीकाकींचा पदर धरलेला हात तसाच. चंदननं मोबाईल खाली घेतला.

आता बघ. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ही आईनं बांधलीत. खरं वाक्य. मी मोकळी. सगळी कलमं बाद, कौल बाद, मी कोल्हापूरला. पण त्या खळ्यात, वाडीतल्या माणसांसमोर, पाहुण्यांसमोर, देवासमोर, आई म्हणजे देवाच्या शब्दात लबाडी केलेली बाई. बाजारात तिच्याकडून देवाला फुलं कोण घेणार? आणि बाबा. बाबांचं काय झालं असतं ते मला विचारच करवत नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर तिला फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं, दोन शब्द, तिला हवं ते सगळं मिळालं असतं. आणि ती म्हणत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ओठावरचा तो चट्टा अजून होता. ओठ हलले. उघडले. तिनं श्वास घेतला बोलायला.

आणि मी म्हणाले, व्हय म्हाराजा.

मोठ्यानं. बाबांचे खांदे सैल झाले. बाकीच्यांनी पाठोपाठ म्हटलं, गाऱ्हाणं पुढं गेलं, नारळ फुटला, शेवंतीकाकींनी माझ्या तोंडात साखर घातली. तुळशीचं लग्न झालं की आमचं. म्हणजे माझं. पुढच्या आषाढात म्हणे दहा हजार कलमांची मागणी घेणार आहेत, सगळी सुनेच्या हातची म्हणून सांगून. दहा हजार. माझ्या हातानं त्यातली किती जगतील ते तू सांग. रोज सकाळच्या यष्टीनं आई येणार आहे का मागून बांधायला? आणि मजा बघ, मी हे मनात म्हटलं आणि मग वाटलं, हो, येईल ती. तिला तर तेच हवंय. डबा घेऊन येईल.

चंदन निघताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, तुम्ही जरा उशिरा बोललात. एवढंच. मी म्हणाले, घसा बसलाय पावसानं. त्यानं मान हलवली. त्याला काय कळलं, काही कळलं का, मला ठाऊक नाही.

तुला वाटत असेल, इथं संपलं. नाही संपलं. काल दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून आई आणि मी जास्वंदीची छाटणी करत होतो, दसऱ्याला फुलं यायला हवीत ना. ती कापत होती, मी काड्या गोळा करत होते. मग ती माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाली, "तू सांगलंस कित्याक नाय?"

मी म्हणाले, तू का नाही सांगितलंस?

"मी बोलणारच होतंय. तूच आदी बोललंस."

काय बोलणार होतीस, मी विचारलं. आकांक्षा, मी तिचा हात धरला, सुरीचा हात, आणि विचारलं, आई, काय बोलणार होतीस? मी बांधलीत म्हणणार होतीस, की व्हय म्हाराजा?

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात सोडवला, खाली पडलेल्यातली एक बरी काडी उचलली, तिरकी कापली, आणि रिकाम्या डब्यात खोचली. माती दाबून झाल्यावर म्हणाली, "आता तां विचारून काय करतलंस," आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. मी अर्धं मिनिट थांबले असते ना, फक्त अर्धं मिनिट, तर मला कळलं असतं. कदाचित तिनं मला सोडवलं असतं. कदाचित तिनं देवासमोर खोटं म्हटलं असतं आणि मग मी तिचं तोंड आयुष्यभर बघितलं नसतं. मी तिला वाचवलं की तिला आयुष्यात एकदा खरं बोलायचं होतं तेही बोलू दिलं नाही? आणि आता शब्द माझा आहे, तिचा नाही. तिच्या तोंडून काही गेलंच नाही.

हां, आता बोल तू. नाही, लॅबचं नंतर, आधी हे सांग. दिवा लागलाय, बाबा पाठमोरे उभे आहेत, तुझी आई बोलायला तोंड उघडतेय आणि ती काय बोलणार ते तुला माहीत नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? थांबली असतीस?